फोनोचा आवाज बसला

फोनो घरात आला त्या दिवशी मुक्ताबाईला पहिला प्रश्न पडला तो हा, की हे बोंबलणारं धूड ठेवायचं कुठं! घोरावाडी स्टेशनाच्या अलीकडं रेल्वेचं फाटक, आणि फाटकाला लागून गेटमनची एक खोली. त्या एका खोलीत चूल, जातं, पत्र्याची ट्रंक आणि पंचवीस वर्षांचा संसार. दत्तोबा फाटकावर नोकरीला लागला तेव्हापासून घरात एक वस्तू आणायची तर दुसरी बाहेर काढावी लागायची. शेवटी फोनो ट्रंकेवर बसला. मग ट्रंकेतलं लुगडं काढायचं झालं की आधी त्याला देवासारखं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचं, असा एक नवाच कुळाचार सुरू झाला.

फोनो आणला होता थोरल्या लेकानं, हौशीरामनं. तो लोणावळ्यात एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. त्या साली शेटकडं रेडिओ आला, आणि रेडिओ आल्यावर फोनोला कोण विचारतंय? नव्याचे नऊ दिवस म्हणतात, जुन्याचा एकही नसतो. शेटाणीनं पितळी कर्णा, पेटी, सुयांची डबी आणि चार तबकड्या हौशीरामच्या हवाली केल्या. त्यानं कर्णा मांडीवर घेऊन सगळं गाडीनं घरी आणलं, आणि डब्यातल्या प्रत्येकाला हे काय आहे ते समजावून सांगितलं.

पहिली तबकडी फिरली, आत कुणीतरी बुवा अभंग गायला लागला, तशी मुक्ताबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला.

हौशीराम पोट धरून हसला. "आये, त्यो काय कर्ण्यात बसलाय व्हय?"

"नसंना. परका बाप्या घरात गातोय, आन मी काय उघड्या डोक्यानं बसू?"

हसा बापडे! पण ती तशीच बसली, आणि पुढंही अभंग संपेपर्यंत तिचा पदर कधी खाली आला नाही.

दत्तोबाला मात्र त्या अभंगाचं वेडच लागलं. संध्याकाळची पॅसिंजर गेली, की रात्रपाळीचा भिमाजी येईपर्यंत थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यात चावी द्यायची, सुई ठेवायची आणि डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरायचा. दिवसभर हिरवी झेंडी, लाल झेंडी, बैलगाडीवाल्यांची कटकट. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या हौसेचं मिळालं होतं, आणि मुक्ताबाईला ते बघून बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि दत्तोबाची कुरकुर सुरू झाली.

"फोनोचा आवाज बसला गं."

हौशीरामनं नवी सुई घातली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मुक्ताबाईनं कर्णा चिंच लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. तरी दत्तोबा मान हलवायचा. "न्हाई. आतूनच बसलाय."

आता खरं सांगायचं तर मुक्ताबाईला तो बुवा चांगला खणखणीत ऐकू यायचा. पण तिला यंत्रातलं काय कळतंय? दत्तोबा रेल्वेतला माणूस, जन्म गेला लोखंडात. तो म्हणाला बसला, म्हणजे बसला. नवऱ्याच्या शब्दापुढं तिनं स्वतःचे दोन धडधाकट कान खोटे ठरवले, आणि बाजाराच्या दिवशी फोनो घेऊन वडगावला निघाली.

तिला घाईही होती. लेक रतन आंदर मावळात दिलेली, तिला सासू नव्हती, आणि दिवस भरत आले होते. पंधरा दिवसांनी मुक्ताबाई बाळंतपणाला महिना-दीड महिना तिकडं जाणार होती. आपण गेल्यावर मागं यांना संध्याकाळी सोबत कुणाची? तेवढा फोनो तरी नीट असावा, एवढाच तिचा हिशोब.

वडगावच्या बाजारात दस्तगीर घड्याळं आणि स्टो दुरुस्त करायचा. त्यानं पेटी उघडली, चावीची कमान पाहिली, तेलाचा थेंब सोडला आणि तबकडी लावली. बुवा असा गरजला की शेजारचा भाजीवाला तराजू हातात घेऊन उठून आला. बघता बघता दुकानापुढं वीस माणसं उभी राहिली. पलीकडून कचेरीतला एक शिपाई आला आणि म्हणाला, साहेब कावल्यात, बंद करा ते.

"मावशी," दस्तगीर सुई उचलत म्हणाला, "ह्याचा आवाज कमी हाय असं कोन म्हनतंय?"

"घरचं मानूस."

दस्तगीरनं तिच्या तोंडाकडं बघितलं. फडक्यानं हात पुसून एवढंच म्हणाला, "पेटी झ्याक हाय. माझ्याच्यानं हिला आनखी काय करवनार न्हाई. पैसं नकोत."

मुक्ताबाई परतीच्या गाडीत कर्णा मांडीवर घेऊन बसली. तिच्या मनात एक पाल चुकचुकली होती आणि ती काही केल्या गप्प बसेना.

त्याच संध्याकाळी पॅसिंजर गेल्यावर तिनं स्वतः चावी दिली. दत्तोबा डोळे मिटून बसला, बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. दोन ओळी झाल्या आणि मुक्ताबाईनं हळूच सुई उचलली.

खोली एकदम शांत झाली. चुलीतलं लाकूड तडतडलेलं तिला ऐकू आलं. आणि दत्तोबाची बोटं चालूच होती! पाठ असलेला अभंग तो मनातल्या मनात पुढं नेत होता, मान डोलावत होता, समेवर थाप देत होता. पुरा अभंग झाल्यावर त्यानं डोळे उघडले.

"दस्तगीरनं काय इशेस केलं न्हाई," तो म्हणाला. "हाय तसाच हाय."

 मुक्ताबाई उठली आणि भाकरी थापायला बसली. रडायची सवय तिला नव्हती, पण तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली.

कान गेले असतील, तर फाटक कसं लागतं? स्टेशनात रुळाच्या तुकड्यावर टोल पडला की मागल्या स्टेशनावरून गाडी सुटली असं समजायचं, आणि गेटमननं फाटक लावायचं. दत्तोबाचं फाटक तर एकदाही चुकलं नव्हतं. तिला काही उमगेना. पण उमगायला वेळही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्यावर धुणं धूत होती. झेंड्या दवानं भिजू नयेत म्हणून खोलीत खुंटीला असायच्या. टोल पडला की मुक्ताबाई हातातलं काम टाकायची, झेंडी घेऊन दारात यायची आणि दत्तोबाच्या हातात द्यायची. पंचवीस वर्षं हे असंच चाललेलं. त्या दिवशी मुंबईकडच्या गाडीचा टोल जरा लवकर पडला. तेव्हा मुक्ताबाई ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं वर पाहिलं.

फाटक उघडं होतं. दत्तोबा आपल्या दगडावर बसून होता, आणि रुळाकडं पाठ करून खोलीच्या रिकाम्या दाराकडं बघत होता.

गेल्या महिन्यापासून तो दगडावर असा उलटा बसायला लागला होता. दाराकडं तोंड करून. मुक्ताबाईच्या ते लक्षात आलं होतं आणि काय सांगावं, ती मनातल्या मनात लाजली होती! उतारवयात नवऱ्याला आपलं तोंड बघावंसं वाटतंय, म्हणून मागल्या बाजारात तिनं नवी काकणंही भरली होती. आता तिला कळलं, तो कशाची वाट बघत होता ते. तिची नाही, झेंडीची. तिच्याच रूपानं त्याला टोल ऐकू येत होता.

पलीकडून गावातल्या रखमाजीची गवतानं भरलेली बैलगाडी फाटकाकडं चढत होती. वर गवतावर त्याची दोन नातवंडं.

मुक्ताबाई धावली. ओलं लुगडं पायात येत होतं, एक काकण दगडावर आपटून फुटलं. तिला येताना बघून दत्तोबा ताडकन उठला. दोघांनी मिळून फाटक ओढलं. रखमाजीनं बैल आवरले. मग बऱ्याच वेळानं, अगदी सावकाश म्हणावं इतक्या वेळानं, विजेची गाडी आली आणि गेली. पोरांनी गवतावरून हात हलवले. काहीच घडलं नव्हतं. रखमाजी "राम राम" म्हणून निघून गेला.

मुक्ताबाईनं दत्तोबाला दगडावर बसवलं आणि ती त्याच्या तोंडासमोर उकिडवी बसली.

"फोनो चांगला हाय," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "तुमचं कान गेल्यात."

दत्तोबा तिच्या ओठांकडं बघत होता. त्याला कळलं. तो रागावला नाही, नाही म्हणाला नाही.

"फोनोच बिघडला आसंल, असं लय दिस वाटत व्हतं," तो म्हणाला. "मंग टोलबी बसला. मंग समजलो."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? दोन वर्सं ऱ्हायलीत. कळलं तर नोकरी जाईल, खोली जाईल. तू येतीस की झेंडी घिऊन."

"आन मी रतनकडं गेल्यावर?"

दत्तोबानं मान खाली घातली. "लेकीकडं नगं जाऊ असं कोनच्या तोंडानं म्हनू? नजर हाय अजून. रूळ बघत बसंन म्हनलं."

"ह्या धुक्यात? सकाळी फाटकाचं पलीकडचं टोक दिसत न्हाई!" मुक्ताबाई कडाडली. पण लगेच तिचा आवाज उतरला. कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. दोन वर्षं. आपण हललोच नाही, रतनकडं दुसरं कुणी पाठवलं, तर कुणाला कळणार आहे? याच खोलीत हौशीराम झाला, रतन झाली. आता कुठं जायचं? हे सगळं तिला वाटत होतं, आणि डोळ्यांपुढून गवतावरची ती दोन पोरं काही हलत नव्हती.

"जाऊ द्या खोली," ती म्हणाली. "पोरं हात हालवत गेली वो."

दत्तोबानं एकदा फाटकाकडं बघितलं. मग उठला. "भिमाजीला हाक मार. त्यो बसंल हितं. मी टेसनात मास्तरला सांगून येतो."

"मीबी येते. मास्तर काय बोलला ते तुमाला कोन सांगनार?"

भिमाजी पलीकडच्या झोपडीतून डोळे चोळत आला. दत्तोबानं निळा डगला घातला, बटणं लावली, आपल्या वाट्याच्या दोन्ही झेंड्या गुंडाळून काखेत घेतल्या, आणि दोघं रुळाकडेच्या वाटेनं निघाली. तो पुढं, ती चार पावलं मागं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती अशीच चालत आली होती. बाजाराला असो, जत्रेला असो, नवऱ्याच्या पुढं पाऊल टाकलेलं नव्हतं.

थोडं गेल्यावर दत्तोबा थांबला.

"म्होरं हो."

"आं?"

"म्होरं चाल. मागनं बोललीस तर मला कळायचं कसं?"

"अवो, लोक काय म्हनतील?" ती म्हणाली. दत्तोबा तसाच उभा. त्याला ऐकूच गेलं नाही. मग तिला वळसा घालून त्याच्या पुढ्यात यावं लागलं आणि तेच पुन्हा म्हणावं लागलं.

दत्तोबा हसला. कितीतरी दिवसांनी. "बघ. आलीस न्हवं म्होरं? आता तशीच चाल."

मुक्ताबाई पुढं झाली. पुढं कसं चालतात तेही तिला ठाऊक नव्हतं, पाय कुठं टाकावा कळेना. स्टेशनापर्यंत ती चार वेळा मागं वळली. एकदा म्हणाली, खडी सरकतीय, जपून. एकदा म्हणाली, मास्तर रागावला तर उलटं बोलू नगा. एकदा म्हणाली, रतनकडं तुमीबी चला संगं. चौथ्यांदा वळली तेव्हा बोलायला काहीच सुचेना, म्हणून नुसतीच म्हणाली, "अवो."

"आं," दत्तोबा म्हणाला. "बोल."