बाज हलवायची की नाही

भोंग्याची गाडी खालच्या गल्लीतून दुसऱ्यांदा गेली तेव्हा चांगुणा चुलीच्या धगीवर नवऱ्याची लुंगी धरून वाळवत होती. पाऊस लागून आठवडा होत आला होता आणि घरात कोरडं म्हणावं असं एक फडकं उरलं नव्हतं. रिसोडच्या अंगाला ढगफुटी झाली आहे, कयाधूला दुपारपर्यंत मोठा पूर येणार, खालच्या गल्लीतल्या लोकांनी ताबडतोब शाळेत जावं, असं भोंगा ओरडून सांगत होता. तिनं ते सगळं ऐकलं, लुंगी उलटी केली आणि पुन्हा धगीवर धरली.

बाजेवर मुंजाजी पडून होता. एके काळचा नामी गवंडी. चिंचखेडीतली निम्मी घरं त्याच्या हातची, आणि हे घर तर वीट न् वीट त्यानंच रचलेलं. तीन वर्षांमागं लकवा झाला, उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तेव्हापासून तो काय बोलतो ते चांगुणेलाच कळायचं. त्याला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, लघवी-संडासाचं भांडं देणं आणि मधल्या वेळात लोकांच्या रानात सोयाबीन काढायला जाणं, असे तिचे दिवस चालले होते. गेल्या रात्री पत्रा तीन ठिकाणी गळायला लागला, तर एकटीनं बाज ओढत ओढत ती कोरडी जागा शोधत फिरली होती. कंबर धरलेली ती अजून सुटली नव्हती.

पुराला ती भीत नव्हती असं नाही. पण शाळेला जास्त भीत होती.

मागच्या दोन्ही पावसाळ्यांत ते शाळेत जाऊन आले होते. एका वर्गात चार-पाच घरची माणसं, पोरं, बोचकी. मुंजाजीला भांडं द्यायचं तर चांगुणेनं एका हातानं लुगड्याचा आडोसा धरायचा आणि दुसऱ्या हातानं त्याला उचलायचं. मागल्या वेळी आडोसा हातातून सुटला. कुणीतरी पोरगं खिदळलं. त्यानंतर मुंजाजीनं तोंडात घास घेतला नाही. पोटातच काही गेलं नाही तर भांडं लागणार नाही, हा त्याचा हिशेब. आणि इतकं करून पाणी दोन्ही वेळा हापशापर्यंत आलं आणि मागं फिरलं. घराच्या पायरीलाही शिवलं नाही.

तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला. मुंजाजीचा पुतण्या धम्मदीप चिखलातून उडी मारून आत आला. एरवी तो सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा, आज सकाळपासून माणसं वाहून नेत होता.

"काकू, चला. बाज उचलू, ट्रॉलीत ठिवू."

"तू व्हय पुढं. आमी न्हाई येत."

"काहून?"

"काहून म्हंजे? दोनदा आलो न्हाई का? काय झालं?"

"आवं, यंदाचं येगळं हाय. नरसीकडून फोन आला, तिकडं पाणी पुलावरून चाललंय."

"येऊ दे." चांगुणेनं लुंगी झटकली. "ह्या दोन शेळ्या तेवढ्या घिऊन जाय. बांधून टाक कुठंबी."

धम्मदीपनं काकाकडं पाहिलं. मुंजाजी आढ्याकडं बघत होता. ट्रॉलीतून बाया ओरडायला लागल्या, लेकरं भिजून राहिली, चल म्हणून. धम्मदीपनं कपाळाला हात लावला, शेळ्यांची दावी सोडली आणि गेला.

मग पोरीचा फोन आला. ऐश्वर्या नांदेडला एका दवाखान्यात नर्स होती. तिच्या मोबाईलवर गावच्या ग्रुपचे निरोप येत होते. "आई, निघाले का तुमी?"

"निघून राहिलो ना माय. ठिव आता," चांगुणा म्हणाली आणि फोन ठेवला. खोटं बोलल्याचं तिला काहीच वाटलं नाही. खरं सांगितलं असतं तर समजूत घालत बसावं लागलं असतं, आणि तेवढं बोलायचीही तिच्यात ताकद नव्हती.

गल्ली रिकामी झाली. इतकी शांतता तिनं कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. तिनं दोन कप कोरा चहा केला, मुंजाजीच्या मानेखाली हात घालून कप ओठाला लावला. त्यानं तोंड फिरवलं.

"प्या की. गरम हाय."

"तू... जाय," मुंजाजी म्हणाला.

"कुठं?"

"शाळंत. मी हाय हितं. जोतं... उंच हाय."

"तुमी हितं? अन् कूस कोण बदलन तुमची? भित?"

तो भिंतीकडं बघत राहिला. मग एक एक अक्षर जुळवत म्हणाला, "सुटशील."

चांगुणेच्या हातातला कप तसाच राहिला. तिला वाटलं होतं, ह्याला शाळेची लाज वाटते म्हणून हा जात नाही. ते खरंच होतं. पण त्याच्या खाली हे दुसरं होतं, आणि ते कधीचं होतं कुणास ठाऊक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो शब्द तिला नवा नव्हता. बाज ओढताना कंबरेत कळ आली तेव्हा तिच्याही मनात तोच येऊन गेला होता. एक पळभरच. पण आला होता. आता त्याच्याच तोंडून ऐकला आणि तिच्या अंगाची आग झाली.

"मला सोडवाया निघाले व्हय? कुणी सांगितलं तुमाला मी बांधलेली हाय म्हणून? तीन वर्सं हाडाची काडं केली ती पाण्यात टाकून द्यायासाठी केली का? मरायचं आसंल तर नीट मरा, दवाखान्यात मरा, लेक येऊ द्या, चार माणसं येऊ द्या. पुरात न्हाई मरायचं!"

मुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदरानं ते खसकन पुसलं, तोंड पुसावं तसं, आणि उठली.

दारात आली तर गल्लीत पाणी आलेलं. तांबडं, गढूळ, गुपचूप आलेलं. त्यावर सोयाबीनच्या काड्या तरंगत होत्या आणि कुणाची तरी एक चप्पल. हापसा दिसेना. बघता बघता पहिली पायरी बुडाली.

तिनं लुगड्याचा काष्टा घातला. "मी माणसं घिऊन येते. हलू नका," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिलाच कसंतरी झालं.

गल्लीच्या तोंडाशी पोचेस्तोवर पाणी गुडघ्यावर आलं. वर चढावर ट्रॅक्टर उभा होता. धम्मदीप, वरच्या आळीतला वैजनाथ आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उत्तमसिंग, तिघं पाण्याकडं बघत उभे होते. तिनं हाक मारली तशी तिघंही काही न विचारता उतरले. ट्रॅक्टर आता आत घालता येत नव्हता.

घरात पाणी जोत्यावर चढलं होतं. बाजेच्या पायांना पाणी लागलं होतं. तिघांनी तीन कोपरे धरले. चौथा चांगुणेनं धरला.

"काकू, तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"मग कुणाच्यानं व्हायचं? हाय का दुसरं कोणी? उचला."

त्यांनी बाज खांद्यावर घेतली. पाणी मांडीपर्यंत, खाली चिखल निसरडा, वरून पाऊस. बाज चांगुणेच्या बाजूनं खाली झुकायची, मग वैजनाथ जरा वाकून ती सरळ करायचा. वरून मुंजाजी काहीतरी बोलला.

"काय म्हणून राहिलेत काका?" धम्मदीपनं विचारलं. "दुखून राहिलं का?"

चांगुणेनं कान दिला. मुंजाजी पुन्हा तेच बोलला. तिला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तिला एकदम हसू फुटलं.

"म्हणून राहिले, चार खांदे जित्तेपणीच भेटले."

"गप पडा ना काका!" धम्मदीप म्हणाला, पण त्यालाही हसू आवरेना. उत्तमसिंगचा तोल जाता जाता राहिला. कंबरेइतक्या पाण्यात ती चौघं बाज खांद्यावर धरून खदखदत उभी राहिली, आणि मग पुन्हा चालायला लागली.

चढावर आल्यावर ट्रॉलीत बाज ठेवली. उत्तमसिंगनं ट्रॅक्टर शाळेकडं वळवला, तशी चांगुणा म्हणाली, "शाळंत न्हाई."

"आता काय राजवाडा आणू का काकू?" धम्मदीप खरंच चिडला.

"कुठंबी ने. गोठ्यात ने. पण दार आसंल तिथं ने."

वैजनाथनं वरच्या आळीकडं नजर टाकली. मग म्हणाला, "आमच्याकडं घ्या."

वैजनाथची आई नर्मदाबाई दारातच उभी होती. तिनं बाजेकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. "शेडात ठिवा त्याला," ती म्हणाली. "पोती एका अंगाला सरकवा. चांगुणा, कोरडं घोंगडं देते तुला."

मागची ओसरी सगळी रिकामी होती, कोरडीही होती. चांगुणेनं ते पाहिलं. एरवी ती मनात धरून बसली असती. आज तिनं फक्त शेडाच्या दाराला आतून कडी आहे ना, तेवढं बघितलं.

कडी लावून तिनं मुंजाजीला पुसलं, भांडं दिलं, नर्मदाबाईनं पाठवलेली लुंगी नेसवली. मग भाकरी-पिठलं आलं. मुंजाजीनं एक भाकरी खाल्ली आणि मग अर्धी मागितली.

दुपारनंतर धम्मदीप घर बघून आला. पाणी खिडकीला लागलं होतं. मागली भिंत बसली, पेटीतले कपडे, दाणे सगळे चिखलात. तो दबक्या आवाजात सांगत होता, पण मुंजाजीनं ऐकलं.

"भित..." तो म्हणाला.

"बसली," चांगुणा म्हणाली. "पुन्हा बांधावी लागंल."

"मी..."

"तुमी सांगा. बांधणारा बघू कोणीतरी."

ऐश्वर्याचा फोन आला तेव्हा तिनं सगळं खरं सांगितलं. पोरगी रडली, मग रागावली, मग म्हणाली, दोघांनी नांदेडला या. "बघू," चांगुणा म्हणाली. तिला आत्ता काहीच बघायचं नव्हतं.

सोयाबीनच्या पोत्याला पाठ टेकून ती जराशी बसली. पाऊस पत्र्यावर वाजत होता. तिचे डोळे कधी मिटले ते तिलाच कळलं नाही.

मुंजाजीला कूस बदलायची होती. डाव्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडं टाकून, पाय पसरून ती झोपली होती. चिखल तिच्या पोटऱ्यांवर वाळत चालला होता. त्यानं हाक मारली नाही. शेडात अंधारून आलं, कुणीतरी बाहेरून कंदील आणून दारावर थाप मारली, तेव्हाच ती दचकून उठली आणि आधी त्याच्या बाजेकडं धावली.