तीन लाखांची व्हॅन

सात लाखांत घर बसवायचं होतं, तेही चाकांवर. आंबी गावातली कंपनी बंद पडून अमृतची नोकरी गेली, तेव्हा त्याच्या हाती तेवढेच आले होते. व्हॅनमध्ये बिछाना, स्वयंपाकाचा ओटा करून पवना धरणाच्या काठी येणाऱ्या पर्यटकांना ती भाड्यानं द्यायची, हा त्याची बायको माधवी हिचा बेत. तो फसला तर दुसरे सात लाख कुणी देणार नव्हतं.

दोन व्हॅन बघून झाल्या होत्या. तळेगावची साडेचार लाखांना, पण छत इतकं ठेंगणं की आत रांगावंच लागलं असतं. तुंगार्लीच्या बंगल्यावरची उंच, देखणी आणि सहा लाखांची. मग बिछाना, ओटा, पाण्याची टाकी काय हवेवर बसवायची? तिसरी पवनानगरला, अमृतच्या रखमाजीमामांची. रोज शाळेची पोरं नेणारी, उंच छताची, आणि फक्त तीन लाख! आकडा ऐकूनच अमृत मनातल्या मनात व्हॅन घेऊन मोकळा झाला होता.

माधवीला मात्र तो आकडाच टोचत होता. तळेगावच्या गाडीखाली ती पत्रा तपासायला खुशाल आडवी झाली होती. पण मामांची गाडी तपासायची म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यात साखर आहे का, असं विचारण्यासारखं. परक्याला दहा प्रश्न विचारायचे आणि घरच्याच्या हातून डोळे मिटून बुडायचं, ही आपली जुनी खोड.

रविवारी दुपारी ते मामांच्या अंगणात उभे होते. "मामा, मॅट उचलून बघू का?" तिनं विचारलं.

अमृतनं डोळे वटारले.

"सूनबाई, घरची गाडी हाय," रखमाजी हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "मी काय तुमाला गंडवीन व्हय?"

"आधी चहा घे," अमृतचा आवाज चढला. "मामांच्या घरी राहून शिकलोय मी. कळतंय का तुला?"

तिला कळत होतं, आणि भीतीही वाटत होती. तरी ती आत चढली. मधल्या सीटखालची मॅट ओढून तिनं पत्र्यावर सोबत आणलेला स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही. गंजलेल्या पत्र्यातून तो मुठीपर्यंत खाली गेला आणि भोकातून अंगणातली माती दिसली.

अमृत वाकून बघत राहिला. रखमाजी घरापुढच्या ओट्यावर बसले.

"ठाव हुतं मला," ते म्हणाले. "म्हनून तर इकतोय. तुमचे तीन लाख आले की पोरांसाठी दुसरी घ्यायची. तुमची काय, पान्याकडंला उभीच ऱ्हानार. पन पळत्या गाडीत हा पत्रा गेला तर..."

माधवी संतापली होती. त्यांचं म्हणणं थोडं पटतही होतं, याचा तिला जास्त राग आला.

"किती पोरं बसतात?"

"चौदा. माज्या लेकीची पिंकी बी."

"उद्या सोमवार आहे, मामा." तिनं गाडीला लावलेली चावी काढून मुठीत धरली. "ही गाडी निघणार नाही."

"मग आमी खायचं काय? तू तर आता घेनार न्हाईस."

अमृत आता चावी परत मागणार, असं तिला वाटलं. पण त्यानं ओट्यावरचा मामांचा फोन उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"पहिला फोन पिंकीच्या आईला करा," तो म्हणाला.

रखमाजींनी नंबर लावला. "व्हय आबा, बोला की," पलीकडून लेक म्हणाली. "उद्या गाडी न्हाई निघनार, पोरी," ते म्हणाले, "खालचा पत्रा सडलाय."