काळ्या खिडकीतल्या ओळी

वडिलांची वाचा गेली त्याला वर्ष होत आलं. समोरच्याचं सगळं कळायचं, डोळे भरून यायचे, पण ओठांतून शब्द म्हणून फुटत नव्हता. पूर्वी लेक कामावरून आली की दार उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "आली का माझी चिमणी?" त्या हाकेसाठी तिचा जीव आसुसला होता.

लेक चित्रांचे प्रोग्राम लिहायची. वडिलांसाठीही तिनं एक लिहिला. संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन ओढलं की पडद्यावर निळी रेघ उमटावी. शब्द नाही तर नाही, रेघ तरी येऊ दे, देवा! पाटी दिली होती व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी. पण वडील पेन टेकवत आणि पडदा कोराच राही.

सकाळी बाईंचा फोन आला, "दुपारी पाटी न्यायला येते. त्यांच्याकडून काही येतच नसेल, तर दुसऱ्या पेशंटला तरी उपयोग होईल."

"तुझ्या बाबांनी जन्मात कधी रेघ ओढलीय का?" आई म्हणाली. "पाहुण्यांना घराचा रस्ता कागदावर काढून द्या म्हटलं, तर स्वतःच आणायला निघायचे."

"आई, आज तरी त्यांना बोलू नकोस."

"मी बोलते म्हणून तर घरात आवाज आहे."

लेक संगणकापुढे जाऊन बसली.

खोट प्रोग्रामात तर नसेल? पण विचारायचं कुठे? प्रोग्रामानं पडद्यावर उघडलेल्या खिडकीत फक्त चित्र दिसायचं. आत काय चाललंय ते तो ओळींत छापायचा, पण वाऱ्यावर, कुणाला दिसणार नाही असं. तिनं चार ओळी वाढवल्या आणि ते सगळं छापायला शेजारी कन्सोलची, म्हणजे नुसत्या अक्षरांची, वेगळी काळी खिडकी उघडून दिली.

"हे काळं काय मध्येच? बंद कर."

"ते बंद केलं तर चित्रही जाईल, आई. असू दे."

तिनं वडिलांच्या हातात पेन दिलं. चित्र कोरंच. काळ्या खिडकीत मात्र ओळी सरकू लागल्या:

स्पर्श आला. दाब कमी. टाकला.
स्पर्श आला. दाब कमी. टाकला.

नियम तिचाच होता. प्रोग्राम लिहिताना तिनं स्वतःच्या धडधाकट हाताचा दाब धरला होता आणि त्याहून हलकं काही आलं, तर चुकून लागलेला धक्का समजून टाकून द्यायला सांगितलं होतं. देव हाकेला ओ देत नाही म्हणून आपण रुसून बसतो. आपलाच कान किती जाड आहे, ते कोण तपासतं?

"बाबा, इतके दिवस तुम्ही काढत होतात?"

वडिलांनी डोळे मिटले, उघडले. तेवढंच.

तिनं नियम पुसला. निळी रेघ उमटली, थरथरत, अडखळत, पण चालत. आई पुढे सरकली.

"काय काढताहेत गं?"

"नाही कळत."

"मग गप्प बस. काढू दे."

दुपारी बाई आल्या, उभ्यानंच पडदा पाहिला आणि पाटी तिथेच ठेवून गेल्या. थोड्या वेळानं वडिलांच्या हातून पेन गळलं. खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

"आता तरी कर ते काळं बंद. झोपलेत ते."

"राहू दे गं थोडा वेळ."

शेवटच्या ओळीखाली काळी जागा रिकामी होती. लेक पुढच्या 'स्पर्श आला'ची वाट बघत बसून राहिली.