जोआनाची बटणं

टप्प! दुपारच्या सामसुमीत फरशीवर एक बटण पडलं, गडगडत गेलं आणि जॉयसच्या खुर्चीखाली जाऊन गप्प बसलं.

"मी नाही पाडलं," पाच वर्षांची जोआना लगेच म्हणाली. "ते स्वतःच उतरलं."

एरवी जॉयस खुदकन हसली असती. पण तिचे डोळे लॅपटॉपला चिकटले होते. बागेच्या पंपाचं सर्किट. लेक झाल्यापासून तिच्या एकटीच्या हाती आलेलं पहिलंच. हाताने काहीच काढायचं नव्हतं. प्रत्येक पार्ट कोडमध्ये लिहायचा, त्याला गट नेमून द्यायचा, की आकृती टूल काढून देतं. टूलने काढली होती खरी, पण तारांचा नुसता गुंता!

मघाशीच अश्लेषा मॅडमचा फोन येऊन गेला होता. "अगं, हे सर्किट आहे की मासळीबाजार? संध्याकाळी क्लायंटला दाखवायचंय. नसेल जमत तर विघ्नेशला देते. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

वाईट वाटलंच होतं.

खरं तर तिने किती नीटनेटकं केलं होतं! सगळे रेझिस्टर एका गटात, सगळे कपॅसिटर दुसऱ्यात, जसे डब्यांत डाळ वेगळी, तांदूळ वेगळे.

जमिनीवर जोआनाचाही पसारा होता. जुना कपडा फडक्याला काढायच्या आधी तिची वटार गावची आजी ग्रेसी, म्हणजे जॉयसची सासू, बटणं कापून ठेवायची. उमेळ्याची आजी रिटा, म्हणजे जॉयसची आई, तिचीही तीच सवय. रविवारी रिटाने आपली बटणांची बरणी नातीला दिली, आणि नातीने दोन्हीकडची बटणं एकाच ताटात ओतली.

"पांढरी एकीकडे कर, लाल एकीकडे," जॉयस म्हणाली. "पटकन होईल."

"असं नाय करायचं, मम्मी!" जोआनाला आईची कीव आली. "ही मोठी आजोबांच्या शर्टाची. आणि हे पिटुकलं त्याच्याच कॉलरचं. आजीने दाखवलंय मला. वेगळी केली तर शर्ट कसा होणार?"

जॉयसने त्या दोन बटणांकडे नीट पाहिलं. मग गर्रकन वळून तिने सगळ्या गटांची नावं पुसली आणि नवी लिहिली. पॉवर. सेन्सर. मोटर. जो पार्ट ज्याच्या कामाचा, तो त्याच्या घरी. रेझिस्टर पांगले, कपॅसिटर पांगले. शेवटी एक रेझिस्टर उरला, सेन्सर आणि मोटरच्या मधला, दोघांनाही हवा असलेला. टूल तर एकच गट मागत होतं. तिने तो सेन्सरकडे दिला आणि कोड चालवला.

तीन चौकटी. मोजक्या, सरळ तारा.

"आत्ता कसं माणसात आलं!" फोनवर अश्लेषा मॅडम हसल्या. "हेच पाठवते. पुढचा बोर्डही तूच कर बाई."

जॉयसने लेकीला उचलून गालाचे मुके घेतले. "सोड ना, मम्मी! एक राहिलंय." जोआना सुटून खुर्चीखाली शिरली आणि निळं बटण घेऊन बाहेर आली.

जॉयसने ते ओळखलं. तिच्याच फ्रॉकचं. रिटाने शिवलेला, माहेरून आणलेला; इथे वटारला विरला, तेव्हा बटणं ग्रेसीने कापली होती.

जोआनाने दोन ढिगांवर बोट ठेवलं. "हे उमेळ्याचं घर. हे वटारचं." मग निळं बटण आईसमोर धरलं.

"मम्मी, तू कुठल्या घरातली?"