पाणी न वाढवलेला रस्सा

रविवारी सकाळी निघताना नानायने, म्हणजे लिझेलच्या आईने, तीनदा मागे वळून पाहिलं. तिन्ही वेळा लेकीकडे नाही, झोळीतल्या नातीकडेही नाही; शेगडीकडे.

"दोन वाजेस्तोवर येते," ती म्हणाली. अंगात निळा झगा, हातात बाप्तिस्म्याची लांब मेणबत्ती. बाउआन गावाला चुलतबहिणीच्या नातवाची धर्ममाता व्हायचा मान तिला आला होता, आणि असा मान नाकारला तर बाळाला बाधतं म्हणतात. नाहीतर सव्वीस वर्षांत तिने, गावाच्या आलिंग पुरिंगने म्हणजे पुरिंगमावशीने, रविवारी आपली खाणावळ सोडल्याचं लेमेरीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"लिझेल, ठरलंय ते ठरलंय हं. आज माझं पातेलं पालथं. तुझं चढलंय. मी येईन तेव्हा ते रिकामं दिसलं, तर उजवी शेगडी तुझी, कायमची. नाही दिसलं, तर ती जपानी माती पुन्हा डब्यात आणि डबा फळीवर."

"माती नाही गं नानाय, मिसो. सोयाबीन आंबवून करतात."

"रंग कसला आहे?"

रंग मातीचाच होता.

खाणावळ म्हणजे जीपनीच्या, प्रवासी जीपगाड्यांच्या, तळासमोर पत्र्याखालची चार टेबलं आणि झाकणं घातलेल्या पातेल्यांची एक रांग. गिऱ्हाईक येणार, झाकण उचलून डोकावणार, हवं त्यावर बोट ठेवणार. उजव्या शेगडीवर कायम बुलालो: बीफची नळी, मक्याची कणसं, कोबी आणि भांडंभर रस्सा. तिथला कायदा असा, की कुणी नुसता एक तळलेला मासा आणि भात घेतला तरी त्याला वाटीभर रस्सा फुकट. पुन्हा मागितला, पुन्हा फुकट. रस्सा उतरला की नानाय किटलीभर उकळतं पाणी ओतायची, चिमूटभर मीठ, आंबवलेल्या माशाच्या खारट पाण्याचा एक झटका, की झालं पातेलं काठोकाठ. सकाळी नळीचा असलेला रस्सा दुपारी तीनला नळीच्या आठवणीचा व्हायचा, पण "संपला" हा शब्द त्या पत्र्याखाली कुणी ऐकला नव्हता.

लिझेलला तो शब्द ठाऊक होता. जपानात, तोयामाच्या वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकघरात तिनं तीन वर्षं काढली होती. तिथं मात्सुए-सान नावाची सत्तरीची मुख्य आचारीण होती. ती बोलायची नाही. मिसो घातल्यावर पातेल्याला उकळी फुटू दिली, तर फक्त पळी काठावर टक्‌ करून आपटायची. त्या टक्‌ला लिझेल सासूला भ्यायली नसती इतकी भ्यायची. तिथंच रोडेल भेटला, लग्न झालं. तो अजून तिकडेच, जहाजाच्या गोदीत वेल्डिंग करतो. ती युमीला पोटात घेऊन घरी आली, आणि युमी आता सात महिन्यांची झाली. हे सात महिने लिझेलनं आईचा बुलालो वाढला, आईची पातेली घासली, आईच्या गिऱ्हाइकांना "या, बसा" केलं. तक्रार नव्हती. फक्त एकदा, आपल्या हातच्या पातेल्यावर कुणीतरी बोट ठेवावं, एवढं वाटायचं.

पहाटे चारलाच तिनं नळ्या चढवल्या होत्या. पहिली उकळी फेकून दिली, नळ्या धुतल्या, पुन्हा थंड पाण्यात घातल्या. कांदा, मिरे, आल्याचे जाड काप. वाळलेलं काळं समुद्रशेवाळ कोमट पाण्यात ठेवून वेळेत बाहेर काढलं, नाहीतर बुळबुळीत होतं. मुळ्याच्या गोल चकत्या वेगळ्या शिजवल्या. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात पातेल्यात, पाय झोळीत. युमी कुरकुरली की अंगठा हलायचा, आणि अंगठा हलला की पळीही त्याच तालात हलायची.

आठ वाजता, नळीवरचं मांस बोटानं सुटायला लागल्यावर, तिनं आच अगदी मंद केली. मिसो पळीत घेऊन रश्श्यात थोडा थोडा विरघळवला आणि कान टवकारले. उकळी नाही. टक्‌ नाही. वास असा आला की झोळीतून युमीनं मान वर काढली.

"अगं बाई, हे काय," भांडी घासायला येणारी बेबंग मावशी म्हणाली. सगळा तळ तिला 'अते', म्हणजे थोरली ताई म्हणे, मग ती साठीची असो. "वरून पूर उतरलाय आणि खाली नदी गढूळ झालीये."

"चाखून तरी बघा, अते."

"मी भांडी घासते, लेकरा. चाखत नाही."

पहिला आला मांग तेबान; 'मांग' म्हणजे तिथं वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं म्हणतात ते. तळावरचा सगळ्यात जुना जीपनीवाला. त्यानं खाल्लं तरच बाकीचे खातात असा लौकिक. त्यानं उजवं झाकण उचललं, नाक आत घातलं आणि झाकण तसंच सावकाश ठेवलं.

"आलिंग पुरिंग आजारी आहे का?"

"बाप्तिस्म्याला गेलीय. आज माझा बुलालो. जपानी पद्धतीचा."

"जपानी लोकांना बुलालो माहीत आहे?"

"नाही. म्हणून मी त्यांच्या वतीने केला."

मांग तेबान हसला, पण बोट त्याचं अडोबोच्या, शिरक्यात शिजवलेल्या कोंबडीच्या, पातेल्यावर गेलं. "कोंबडी दे. भात दोन. आणि रस्सा."

रस्सा अर्थातच उजव्या पातेल्यातला. दुसरा होताच कुठला? लिझेलनं वाटी भरली, वर कांद्याची पात भुरभुरली. मांग तेबाननं तोंड वाकडं करून एक घोट घेतला, मग वाकडं तोंड सरळ करायला विसरून दुसरा. वाटी पालथी झाली.

"कसा आहे?"

"विचित्र," तो म्हणाला आणि वाटी पुढे केली. "अजून दे जरा. नीट कळलं नाही."

नीट कळायला त्याला आणखी पाच वाट्या लागल्या.

मग एकामागून एक आले. निक्सन आला, ज्याच्या जीपनीचा भोंगा गाईसारखा हंबरतो. बाजारातल्या मासेवाल्या आल्या. प्रत्येकानं झाकण उचललं, "ई, चिखल" केलं, तळलेल्या माशावर नाहीतर अडोबोवर बोट ठेवलं आणि रस्सा मागितला. आणि पुन्हा मागितला.

"चिखल वाढ गं!" निक्सन कोपऱ्यातून ओरडला.

"मांसासकट देऊ? त्यातच खरी मजा आहे."

"छे, ते पैसे देऊन घ्यावं लागतं. धाडस फुकटात असेल तेवढंच करावं माणसानं."

सगळे हसले, लिझेलही हसली. पण हसता हसता तिनं पातेल्यात पाहिलं. अकरा वाजले होते. नळ्या जशाच्या तशा, आणि रस्सा अर्ध्यावर. रविवारच्या बाजाराची खरी गर्दी अजून यायची होती.

तेवढ्यात युमी रडायला लागली. भुकेचं रडणं, अंगठा हलवून भागणारं नव्हे. लिझेलचा सदरा छातीशी ओला झाला. पोरीला छातीशी घेऊन, एका हातानं वाट्या भरत ती उभी राहिली. बारीक ओठ दुधाला लागले आणि लिझेलच्या खांद्यातली सगळी ताठ शीर सैल झाली. 'तुझं बरंय,' ती मनात युमीला म्हणाली, 'तू कधी झाकण उचलून बघत नाहीस.'

बारापर्यंत रस्सा नळ्यांच्या गुडघ्याला आला.

"किटली उकळलीय," बेबंग म्हणाली. हात साबणाचे, आवाज हळू. "ओत. मी बघितलं नाही."

"नको."

"अगं, तुझी आई सव्वीस वर्षं ओततेय, कुणी मेलं नाही."

"तिचा रस्सा पाणी सोसतो, अते. नळीला अजून शिजवलं की ती अजून देते. हा सोसत नाही. पाणी घातलं की मिसो मरतो, आणि परत चव आणायला उकळलं तर दुसऱ्यांदा मरतो."

"आणि संपला तर? रश्श्याशिवाय ती नळी कोण घेणार? आईनं काय सांगितलंय, आठवतंय ना?"

आठवत होतं. किटली तोंडातून वाफ सोडत होती. ओतली असती एक किटली, तर कुणाला कळलं असतं? ज्यांनी सकाळपासून चिखल म्हणून हिणवलं त्यांना? लिझेलनं किटलीचा कान धरला. मग पळी घेतली, तळाशी उरलेल्या रश्श्यातला चमचाभर तोंडात घेतला. आल्याचा चटका, मग नळीचा तुपाळ गोडवा, मग मागून सावकाश येणारं ते खोल खारटपण. अगदी सकाळी आठसारखं. चार तास झाले तरी सकाळसारखं.

किटली तिनं भांडी घासायच्या टोपात रिकामी केली. "घ्या अते, तेलकट ताटांना बरं पडेल."

बेबंगनं तिच्याकडे असं पाहिलं जणू पोरीनं नोटा धुवायला टाकल्या.

साडेबाराला मांग तेबान दुसरी फेरी संपवून परत आला. बसायच्या आधीच वाटी पुढे. पळी तळाला घासली.

"संपला," लिझेल म्हणाली.

निक्सनचा घास हातातच राहिला.

"काय संपला?"

"रस्सा."

"रस्सा कसा संपेल? रस्सा संपत नसतो!" मांग तेबान उभाच राहिला. "पाणी घाल ना बाळा, तुझी आई घालते तसं."

"त्यात पाणी घालायचं नसतं."

"मग मी लिपाहून धावत आलो ते कशासाठी? प्रवासी हात करत होते, तरी वाटेत थांबलो नाही!"

त्यावर तळावर जी हुज्जत सुरू झाली ती ऐकून शेजारचा न्हावी कात्री घेऊन बाहेर आला. निक्सन म्हणे, तेबाननं सात वाट्या ढोसल्या म्हणून बाकीच्यांना राहिलं नाही. तेबान म्हणे, सहाच. मासेवाल्या म्हणाल्या, आम्हाला तर एकेकच मिळाली, बायकांचं कुणी मोजत नाही. लिझेल मध्ये उभी, कडेवर युमी, समोर पातेलं. आणि पातेल्यात रश्श्याविना, उघड्यावर पडलेल्या अकरा नळ्या. तिला रडूही येत होतं आणि हसूही, कशाला आधी वाट द्यावी कळेना.

नेमकी तेव्हाच नानाय आली. सांगितल्या वेळेच्या तासभर आधी, घामानं झगा पाठीला चिकटलेला, हातात पाहुणचाराची पिशवी.

"कसला गोंधळ?" तिनं विचारलं. तिनं सरळ जाऊन झाकण उचललं. एक, दोन... ओठ हलवत तिनं नळ्या मोजल्या.

"अकरा," ती म्हणाली. "पातेलं रिकामं नाही, लिझेल."

"नाही, नानाय."

"म्हणजे तू हरलीस."

"हो."

"आणि रस्सा कुठाय?"

"हे प्यायले," बेबंग ओला हात सगळ्या टेबलांवरून फिरवत म्हणाली. "शिव्या देत देत प्यायले. आणि तुमच्या पोरीनं किटली माझ्या टोपात ओतली. पातेल्यात नाही."

नानायनं लेकीकडे पाहिलं. "पाणी वाढवलं नाहीस? सबंध सकाळ?"

"नाही."

नानायनं मग बाप्तिस्म्याच्या झग्याची बाही वर सारली, पातेलं तिरकं केलं आणि पळीनं तळ खरवडला. जेमतेम दोन चमचे निघाले. ते तिनं उभ्यानंच प्यायले. बाउआनला ती पोटभर जेवून आली होती, डुकराचं भाजलेलं मांस आणि तीन प्रकारचं गोडधोड. तरी तिनं पळी उलटी करून चाटली. सगळा तळ बघत होता.

"तेबान," ती शेवटी म्हणाली, "माझा रस्सा तू सव्वीस वर्षं पितोस. कधी भांडलास त्याच्यासाठी?"

"तुमचा संपतच नाही, आलिंग पुरिंग," मांग तेबान कसानुसा म्हणाला.

"तेच म्हणते मी." तिच्या आवाजात किंचित काहीतरी ओलं होतं, पण तिनं ते बाहीनं घाम पुसावा तसं पुसून टाकलं. "ऐका सगळे. उद्यापासून इथं दोन पातेली. माझ्यातला रस्सा फुकट, होता तसा, मागाल तितका. हिच्यातला फुकट नाही. नळी घेतली तर रस्सा, नाहीतर झाकणाला हात लावायचा नाही."

"अन्याय!" निक्सन ओरडला.

"चिखल आहे ना? मग कशाला हवा?"

हसण्याचा असा फवारा उडाला की युमी दचकली, आणि मग तीही दोन उगवते दात दाखवून हसायला लागली. मांग तेबान खुर्ची ओढून बसला. "मग आत्ता ती नळी दे मला. कोरडी तर कोरडी. मिरची आणि लिंबू दे वरून. उद्या पहिली वाटी माझी, सांगून ठेवतो."

त्याच्यामागे मासेवाल्यांनीही बोटं पुढे केली. सगळी बोटं उजव्या पातेल्यावर. लिझेलला ताटं वाढायला दोन हात कमी पडायला लागले, तेव्हा नानायनं युमीला तिच्या कडेवरून काढून घेतलं.

मग एका हातात नात आणि दुसऱ्या हातानं आपलं जुनं, काळं पडलेलं पातेलं फळीवरून ओढत नानायनं ते डाव्या शेगडीवर नेऊन ठेवलं. ते तिथं नीट बसतं का ते दोनदा हलवून पाहिलं. बसत होतं.

"उभी काय राहिलीस?" ती लेकीला म्हणाली. "उद्या किती नळ्या आणायच्या ते सांग. आणि त्या... त्या मिसोचा डबा किती दिवस पुरतो?"