बाईंची टाच

नवी सिस्टम टाकण्याआधी, जिला हात लावायचा नाही त्या डिस्कची वायर काढून ठेवायची. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे इतक्यांदा ऐकवलंय की लोक जांभया देतात. त्या दिवशी आत्याच्या कारखान्यात मात्र मी स्वतःच ती काढली नाही. कॉम्प्युटर चामड्याच्या गुंडाळ्यांमागे कोंबलेला होता. ओढून बाहेर काढायचा आळस केला आणि अतिशहाणपणा नडला.

आत्या बूट करते, ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत अशांसाठी. एकोणीस वर्षांत मोजलेला प्रत्येक पाय दुसऱ्या डिस्कवर साठवलेला होता. पहिलीवरची सिस्टम बिघडली होती, ती पुसून नवी टाकायची, एवढंच काम. घाई होती, कारण चार वाजता शिवणक्लासच्या बाई येणार होत्या. दोन महिन्यांपूर्वी मधुमेहापायी त्यांचा उजवा पाय घोट्यापासून कापावा लागला. आता कृत्रिम करायचा, पण डाव्यावरून माप घेऊन चालणार नव्हतं, कारण उजवा जन्मापासून आखूड नि वाकडा आणि बाईंची सगळी कंबर त्यालाच सरावलेली. "जन्मभर शिव्या घातल्या मेल्याला," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "आता तोच हवाय." त्या पायाचं माप जगात एकाच ठिकाणी होतं.

पडद्यावर दोन डिस्क आल्या, शून्य आणि एक. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, मीच जोडीने आणलेल्या. नावं द्यायचा तेव्हा कंटाळा केला होता. शून्य म्हणजे पहिलीच की, असं म्हणून मी शून्य पुसली आणि सिस्टम टाकायला लावली. आठ टक्के झालं. अकरा टक्के झालं.

मग आठवलं. दुसरी डिस्क बसवताना वायर पुरत नव्हती, म्हणून मीच ती पहिल्या जागी जोडली होती. म्हणजे शून्यवरच सगळे पाय होते. मी भिंतीतला प्लग उपटला.

"लाइट गेली का गं?" आतून आत्याने विचारलं.

"हो," मी ठोकून दिलं.

पंखा डोक्यावर गरागरा फिरत होता. आत्या दारात आली, पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत शिवायला बसली.

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्याच्यावर नवं लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच असतं. पण अकरा टक्के तर लिहून झालं होतं. डिस्क काढताना स्क्रू दोनदा खाली पडला. ती माझ्या लॅपटॉपला जोडून शोधायचा प्रोग्रॅम लावला. एकेक पाय परत येऊ लागला. पोस्टमनचा आला, नर्सचा आला, जुळ्या भावांचे चारही आले. अडीच वाजले, तीन वाजले, बाईंचा पत्ता नाही. मी त्या यंत्रापुढे इतक्या गयावया केल्या, की कुणी ऐकलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं.

सव्वातीनला बाईंची फाइल सापडली. उघडली. बोटं दिसली, चवडा दिसला, पुढे काही नाही. टाच कोरी.

मी उठून आत गेले. "आत्या, लाइट गेली नव्हती."

"माहितीये."

"मी चुकीची डिस्क पुसली. बाईंची टाच गेली." मला रडूच फुटलं.

आत्याने समजूत घातली नाही. "बाकीच्यांचं मोजेन पुन्हा," ती म्हणाली. "बाईंचं कुठून मोजू?"

मग तिने मातीचा गोळा घेतला आणि आठवून टाच घडवायला लागली. दोनदा घडवली, दोनदा मोडली. तिसरी हातात असतानाच बाई कुबड्यांवर आल्या. आत्याने तोंड उघडायच्या आत मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या आत्याच्या हातातल्या मातीकडे पाहत राहिल्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "आण इकडे."

माती मांडीवर घेऊन त्यांनी डोळे मिटले. अंगठा टाचेच्या आतल्या बाजूला दाबला, थांबल्या, अजून थोडा दाबला.

"इथे खड्डा. आणि ही कड एवढी उभी नाही."

"बरोबर," आत्या हळूच म्हणाली. "हेच मला आठवत नव्हतं. पण तुम्हाला इतकं नेमकं कसं कळतंय?"

"तिथेच दुखतंय ना," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आत्तासुद्धा."