पाटीवरचे दोन हात

आईच्या शिवणाच्या दुकानावर नवी पाटी लागली तेव्हा थोरला मागच्या गल्लीतल्या एका छपरावर डांबर ओतत होता. काम उरकल्यावर हातगाडी ओढत तो तसाच पाटी बघायला आला. पाटीवर आपला हात असणार, याचं त्याला मनातून फार अप्रूप होतं. तोंडाने मात्र तो "कशाला असले चोचले" म्हणत होता.

दोघा भावांनी तरुणपणी एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या शाईने उजव्या हातावर आईची कात्री गोंदवून घेतली होती. काळी कात्री, टोकाशी लाल दोरा. आईने दोघांना आधी फूटपट्टीने बडवलं आणि मग येईल त्या गिऱ्हाइकाला ती कात्री दाखवली.

पुढे धाकटा शिकला, चष्म्यांच्या दुकानात बसला. पूर्ण बाह्यांच्या शर्टाखाली त्याची कात्री काल काढल्यासारखी राहिली. थोरला उघड्या हातांनी छपरांवर राबला. आधी लाल दोरा गेला. मग काळ्याचा हिरवट निळा झाला, रेषा पसरल्या, कात्रीच्या मुठीतली भोकं बुजली. अनोळखी माणसं विचारत, "मासा का हो?" तो म्हणे, "हो, उन्हात वाळवलेला."

पाटीसाठी दोघांचे हात शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला होता. कल्पना धाकट्याचीच.

आता पाटीवर दोन हात होते, दोन स्वच्छ कात्र्या, दोन लाल दोरे. छापणाऱ्याने आपली कात्री उजळून दिली असावी, असं थोरल्याला वाटलं. मग त्याला तीळ दिसला. धाकट्याच्या मनगटाजवळचा तो तीळ दोन्ही हातांवर होता.

"हा दुसरा हात कुणाचा?"

"तुझाच समज की, दादा," धाकटा म्हणाला. "तुझं चित्र नीट येईना. मग माझाच उलटा करून छापून घेतला. जवळून कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"अरे, तुझा लावला असता तर लोक मासळी मागायला आले असते."

एरवी थोरला हसला असता. थट्टा मुळात त्याचीच होती.

"किती वेळा सांगितलं, पुन्हा सुई लावून रंग भरून घे," धाकटा पुढे म्हणाला. "इतकी वर्षं झाली, तुला कधी सवड झाली नाही. आईची खूण म्हणून तरी जपायचं होतंस."

थोरल्याची कानशिलं तापली.

"जपायचं होतं? तू वर्गात सावलीला बसला होतास तेव्हा मी कुठे होतो रे? छपरावर. तुझ्या शिक्षणापायी खाल्लंय ते ऊन. त्या उन्हानेच ही कात्री खाल्ली, आणि आता तीच तुला दाखवायची लाज वाटते?"

आवाज ऐकून आई बाहेर आली. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी. तिने टाचणी काढून बाहीला खोचली, मान वर करून पाटी बराच वेळ न्याहाळली. मग थोरल्याचा हात ओढून घेतला, त्यावरचं डांबर चिंधीने पुसलं आणि खालची निळसर कात्री पाहिली.

"मला मुलगे दोन आहेत," ती म्हणाली. "पाटीवर एकच दिसतोय. शिडी कुठाय तुझी?"

"गाडीवर."

"आणि डांबर?"

"डब्यात थोडं आहे. ऊन ऊनच आहे अजून."

"आई, पाटी नवीकोरी आहे," धाकटा म्हणाला. "अर्धी काळी बघून लोक विचारतील ना."

"विचारू दे की. मी बसलेलीच असते. सांगेन." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू शिडी धर. नीट धर, पडला तर तुला सोडणार नाही."

थोरला वर चढला. भावाच्या खऱ्या हाताला त्याने ब्रशाचा केसही लागू दिला नाही. उलटा छापलेला हात मात्र बोटांपासून कोपरापर्यंत बुजवला. खाली धाकटा शिडी धरून उभा होता. डांबराचा एक थेंब त्याच्या पांढऱ्या बाहीवर पडला. त्याने शिडी सोडली नाही.

"झालं का?" आईने विचारलं.

"थांब."

डांबरसुद्धा उन्हात करडं पडतं, हे थोरल्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने आणखी एक थर दिला.